घड्याळ कशावर टांगलंय?

बारावीच्या फिजिक्समध्ये हायगेन्सचं प्रिन्सिपल असतं. आपण सगळ्यांनीच ते पाठ केलंय. वेव्हफ्रंटवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे नव्या लहरींचा उगम वगैरे वगैरे... आकृती काढायची, डेरिव्हेशन लिहायचं, मार्क घ्यायचे आणि विसरून जायचं. हा हायगेन्स कोण, कुठला, त्याच्या डोक्याला काय ताप होता, हे विचारायची कधी गरजच पडली नाही. मला ती पडली थेट बी.ई.च्या प्रोजेक्टमध्ये. आणि तीसुद्धा प्रकाशामुळे नाही, घड्याळामुळे!

आमचं प्रोजेक्ट म्हणजे घरी बनवलेला डॅक, म्हणजे आकड्यांतून आवाज तयार करणारं सर्किट. मेमरी कार्डावरची गाणी वाचायची, १६ बिटच्या चिपला द्यायची आणि हेडफोनवर ऐकायची. लॅमिंग्टन रोडवर दोन शनिवार घालवून सामान जमवलं. पीसीबी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये एच केला (रेक्टरसाहेब, क्षमस्व). आणि पहिल्याच रात्री गाणं वाजलं. त्या आनंदात आम्ही दोघं पहाटेपर्यंत जागे होतो.

आनंद टिकला आठ दिवस. नंतर सरांनी सांगितलं, की गाणं वाजलं हे ठीक, आता मोजून दाखवा. म्हणून १० किलोहर्ट्झचा एक शुद्ध सूर वाजवला आणि कॉम्प्युटरवर त्याचा स्पेक्ट्रम काढला. पडद्यावर एकच उभी रेष दिसायला हवी होती. दिसल्या तीन. नवरदेवाच्या दोन्ही बाजूंना करवल्या उभ्या असाव्यात तशा ९,८०० आणि १०,२०० हर्ट्झला दोन छोट्या रेषा. मुख्य सुरापेक्षा ८५ डेसिबल खाली, पण अगदी ठाम. सूर ५ किलोहर्ट्झचा केला तर त्या आणखी ६ डेसिबलने खाली गेल्या. सर म्हणाले, की सूर निम्मा केल्यावर रेषा निम्म्या होत असतील तर हा आवाजाच्या पातळीतला दोष नाही, वेळेतला आहे. याचं नाव जिटर.

ज्यांनी हा शब्द ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, म्हणजे साधारण दर २२.७ मायक्रोसेकंदांना एक. आकडा बरोबर असून चालत नाही, तो वेळेवरही बाहेर पडावा लागतो. तुमची एसटी रोज न चुकता दहा मिनिटं उशिरा येत असेल तर काही बिघडत नाही, तुम्हीही दहा मिनिटं उशिरा निघता. पण ती कधी पाच मिनिटं आधी आणि कधी पाच मिनिटं नंतर आली, की हाल होतात. डॅकचंही तसंच. त्याचं घड्याळ दिवसाला चार सेकंद मागे पडलं तरी कानाला कळणार नाही. पण ते थरथरलं तर लाटेचा आकारच बिघडतो. २० किलोहर्ट्झच्या पूर्ण मोठ्या सुरात १६ बिटच्या अर्ध्या पायरीइतकीही चूक होऊ द्यायची नसेल, तर घड्याळ सुमारे १२० पिकोसेकंदांपेक्षा जास्त इकडेतिकडे हलता कामा नये. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा साडेतीन सेंटिमीटरच्या आसपासच जातो! आमच्या रेषांवरून हिशेब केला तर आमचं घड्याळ हलत होतं १.८ नॅनोसेकंद. म्हणजे पंधरा पट.

दोष कोणाचा? घड्याळाचा, म्हणजे क्रिस्टलचा. इतकं सरळ आहे, असं मला वाटलं. ११.२८९६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल बदलला. मग आणखी एक. मग आणखी एक, चांगल्यापैकी महाग. रेषा जागच्या हलल्या नाहीत. पैसे मात्र संपले. शेवटी माझ्या पार्टनरने एक तोडगा काढला, की ग्राफचा खालचा आकडा ८० डेसिबलवर ठेवला तर रेषा दिसणारच नाहीत. कानाला तरी कुठे ऐकू येतायत? खरं सांगायचं तर मला ते पटलंही होतं. सबमिशनला तीन आठवडे उरले होते.

त्याच दिवशी सरांनी विचारलं, की हायगेन्सच्या दोन घड्याळांची गोष्ट माहीत आहे का? मी नाही म्हणालो. चौथा क्रिस्टल आणण्याआधी लायब्ररीत जा, एवढंच सांगून ते निघून गेले. मी गेलो, वैतागून गेलो. पण पुस्तक उघडल्यावर त्या माणसाने मला असं काही धरून ठेवलं, की जर्नल राहिलं बाजूला.

क्रिस्तियान हायगेन्सचा जन्म १४ एप्रिल १६२९ चा, हॉलंडमधल्या हेग शहरातला. घर मोठं, खानदानी. वडील कॉन्स्टंटाइन हे ऑरेंज घराण्याच्या राजपुत्रांचे सचिव, शिवाय कवी आणि संगीतकार. देकार्तसारख्या माणसाचं त्यांच्याकडे जाणंयेणं होतं. आई सुझाना १६३७ मध्ये वारली तेव्हा क्रिस्तियान आठ वर्षांचा होता. वडिलांनी मुलांना घरीच शिकवलं. लॅटिन, गणित आणि त्याबरोबर भरपूर संगीत. पोरगा ल्यूट, हार्पसिकॉर्ड, व्हायोला द गांबा अशी वाद्यं वाजवायला शिकला. पण त्याहून मोठा नाद हाताने काही ना काही बनवण्याचा. लेथ चालवायची, मॉडेल्स करायची. गणितातली त्याची चमक बघून वडील त्याची तुलना कौतुकाने आर्किमिडीजशी करत. तरीही त्यांची इच्छा काय? पोराने राजदूत व्हावं! (काही गोष्टी साडेतीनशे वर्षांत बदललेल्या नाहीत.)

१६४५ मध्ये त्याला लायडनच्या विद्यापीठात घातलं, कायदा आणि गणित शिकायला. दोन वर्षांनी ब्रेडाच्या नव्या कॉलेजात. १६४९ मध्ये एका शिष्टमंडळाबरोबर तो डेन्मार्कला गेला. तिथून पुढे स्वीडनला जाऊन देकार्तला भेटायची त्याची फार इच्छा होती. पण हवामानाने साथ दिली नाही, आणि पुढच्याच फेब्रुवारीत देकार्त वारला. राजदूत होणं त्याला काही जमलं नाही. तो घरी परतला आणि वडिलांच्या पैशावर, घरातल्याच खोलीत, गणित आणि प्रयोग करत बसला.

थोरल्या भावाबरोबर तो भिंगं घासू लागला. विकत मिळणाऱ्या भिंगांवर समाधान नव्हतं म्हणून स्वतः घासायची. अशाच घरच्या दुर्बिणीतून २५ मार्च १६५५ रोजी त्याला शनीजवळ एक ठिपका दिसला. तो शनीचा सगळ्यात मोठा चंद्र होता, ज्याला आज आपण टायटन म्हणतो. शनीच्या कडेला दिसणारे कान म्हणजे खरं तर त्याच्याभोवतीचं सपाट कडं आहे, हेही त्यानेच ओळखलं आणि १६५९ च्या पुस्तकात सविस्तर मांडलं.

पण आकाश बघणाऱ्याला दुर्बिणीइतकंच घड्याळ लागतं. कुठला तारा किती वाजता कुठे होता, हे लिहायचं तर वाजले किती हे तरी कळायला हवं ना! त्या काळातली यांत्रिक घड्याळं दिवसाला पंधरा मिनिटांची चूक सहज करत. त्यांच्यात वेळ ठरवणारा एक आडवा दांडा असे. तो इकडून तिकडे ढकलला जाई, पण त्याला स्वतःचा असा ठेका नव्हता. ढकलण्याचा जोर बदलला की वेग बदलला. लंबकाला मात्र स्वतःचा ठेका असतो. हे गॅलिलिओने ओळखलं होतं, आणि १६४१ च्या सुमारास, दृष्टी गेलेली असताना, त्याने लंबकाच्या घड्याळाची कल्पनाही मुलाला सांगितली होती. ते घड्याळ पुरं झालं नाही. हायगेन्सला त्याची खबर नव्हती. १६५६ च्या नाताळात त्याने स्वतःच्या डोक्याने लंबक आणि घड्याळ एकत्र आणलं. वय वर्षं सत्तावीस. म्हणजे आपल्याकडे एम.टेक. करून नोकरी शोधायचं वय.

१६५७ च्या जूनमध्ये हेगचा घड्याळजी सालोमन कॉस्टर याला ही घड्याळं बनवण्याचा हक्क मिळाला. चूक पंधरा मिनिटांवरून साधारण पंधरा सेकंदांवर आली. एका फटक्यात साठपट सुधारणा! आपल्याला एखाद्या डिझाइनमध्ये दुप्पट सुधारणा झाली तरी आपण पेपर लिहितो. अर्थात कटकटीही लगेच सुरू झाल्या. रॉटरडॅमच्या एका घड्याळजीने आपणही असंच घड्याळ केल्याचा दावा मांडला. गॅलिलिओच्या चाहत्यांनी ही मूळ कल्पना आमच्या गुरूची असं कळवलं. हायगेन्सला हे लागलं, कारण त्याने ती कुठून उचलली नव्हती.

इथे दुसरा कोणी असता तर दिवसाला पंधरा सेकंदांवर खूष होऊन थांबला असता. हा थांबला नाही. लंबकाचा ठेका झोक्याच्या आकारावर अवलंबून नसतो, असं आपणही लॅबमध्ये धरून चालतो. पण ते फक्त लहान झोक्यांना लागू. तीस अंशांच्या झोक्याला लहान झोक्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन टक्के जास्त वेळ लागतो. त्या वेळच्या घड्याळांना मोठा झोकाच लागे, आणि तेल घट्ट झालं, चाकात धूळ गेली, की झोका कमीजास्त व्हायचा. झोका बदलला की वेळ बदलली. मग लंबकाने वर्तुळाऐवजी कुठल्या वक्रावरून झुलावं म्हणजे झोका लहान असो वा मोठा, वेळ तेवढाच लागेल? १६५९ च्या डिसेंबरात त्याला उत्तर मिळालं. सायक्लॉइड, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलच्या चाकाला लावलेला ठिपका हवेत जो आकार काढतो तो. आणि लंबकाला त्या वाटेवर आणायचं कसं? त्याच्या दोरीच्या दोन्ही बाजूंना सायक्लॉइडच्याच आकाराचे धातूचे गाल बसवायचे. दोरी त्यांच्यावर टेकत गेली की लंबकाची वाट आपोआप हवी तशी होते. पुढे अँकर एस्केपमेंट आलं, लहान झोक्यावर घड्याळं चालू लागली आणि या गालांची गरज उरली नाही. पण गणित मात्र राहिलं.

यानंतर त्याने जो प्रश्न हातात घेतला तो आयुष्यभर सुटला नाही. समुद्र.

भर समुद्रात जहाज कुठे आहे हे कळायचं तर अक्षांश आणि रेखांश दोन्ही लागतात. अक्षांश सूर्य-ताऱ्यांच्या उंचीवरून मिळतो. रेखांशाला घड्याळ लागतं, निघालो त्या बंदरात आत्ता किती वाजले हे सांगणारं. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते आणि विषुववृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दिवसाला पंधरा सेकंदांची चूक महिनाभर साठली तर जहाज दोनशे किलोमीटर चुकीच्या जागी दिसणार. एवढ्या चुकीत आख्खी बंदरं हुकतात आणि जहाजं खडकावर जातात. म्हणून अलेक्झांडर ब्रूस या स्कॉटिश सरदाराबरोबर त्याने जहाजावर टांगायची लंबकाची घड्याळं बनवायला घेतली. घड्याळं जोडीने, कारण एक बंद पडलं तर दुसरं चालू राहावं. १६६४ मध्ये अशी जोडी इंग्रज कप्तान रॉबर्ट होम्स याच्या जहाजावरून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाऊन आली आणि कप्तानाने चांगला अहवाल दिला. यश समोर दिसत होतं.

फेब्रुवारी १६६५. हायगेन्स आजारी पडला होता. काही दिवस अंथरुणावरच होता. खोलीत समोर दोन नवीन सागरी घड्याळं चालू होती, जड पेट्यांत बसवलेली आणि दोन खुर्च्यांवर टेकवलेल्या एकाच तुळईला टांगलेली. दुसरं काही करता येत नसल्यामुळे तो त्यांच्याकडे बघत होता. आणि त्याला दिसलं, की दोन्ही लंबक अगदी बरोबर एकमेकांच्या उलट झुलतायत. एक डावीकडे गेला की दुसरा उजवीकडे, ठोक्याला ठोका. त्याने मुद्दाम एकाला बिघडवलं. अर्ध्या तासाच्या आत पुन्हा तेच! आधी त्याला वाटलं, की लंबकांनी हलणारी हवा हे करत असेल. मध्ये आडोसा घातला. काही फरक नाही. घड्याळं खोलीत लांब लांब टांगली, तेव्हा मात्र जोडी फुटली आणि दोघांत दिवसाला पाच सेकंदांचा फरक पडू लागला. शेवटी उत्तर सापडलं. प्रत्येक लंबक आपल्या झोक्याने तुळईला किंचित हलवत होता, डोळ्यांना दिसणारही नाही इतकं. आणि ते किंचित हलणं दुसऱ्या लंबकापर्यंत पोचत होतं. घड्याळं एकमेकांशी बोलत होती, तुळईतून.

मी पुस्तक मिटलं आणि लॅबकडे पळालो.

आमच्या बोर्डावर घड्याळ कशावर टांगलं होतं? क्रिस्टल चालवणारी जी आयसी होती तिच्यात सहा इन्व्हर्टर असतात. क्रिस्टलला दोन पुरले. उरलेले वाया कशाला घालवायचे म्हणून मीच (होय, मीच) ते समोरच्या चार आकडी डिस्प्लेच्या स्कॅनिंगला वापरले होते. केवढी काटकसर! डिस्प्लेचे चार आकडे आळीपाळीने पेटतात, प्रत्येक सेकंदाला ५० वेळा. चार गुणिले पन्नास, दोनशे. आणि आमच्या रेषा मुख्य सुरापासून कुठे होत्या? २०० हर्ट्झ अलीकडे आणि २०० हर्ट्झ पलीकडे. आकडा महिनाभर डोळ्यांसमोर होता.

डिस्प्लेची केबल काढली. रेषा गेल्या. परत लावली. परत आल्या. क्रिस्टल बिचारा निर्दोष होता. डिस्प्ले करंट ओढायचा, तेव्हा त्या आयसीच्या आतलं ग्राउंड जरासं उचललं जायचं. इन्व्हर्टर शून्य आणि एक यांच्यातली सीमा ग्राउंडपासून मोजतो. ग्राउंड हललं की सीमा हलली, आणि सीमा हलली की ठोका थोडा आधी किंवा थोडा नंतर पडला. आमची तुळई म्हणजे ते सामाईक ग्राउंड आणि सप्लाय. मी तिन्ही वेळा लंबक बदलत बसलो होतो.

मग दोन दिवसांत बोर्ड नव्याने केला. ऑसिलेटरला वेगळी आयसी, तिच्यात दुसरं काही काम नाही. तिला स्वतःचा छोटा रेग्युलेटर. पायांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ग्राउंडची वाट थेट सप्लायच्या मुळाशी, डिस्प्लेच्या ग्राउंडला मध्ये कुठेही न भेटता. घड्याळाचा ट्रॅक डॅकपर्यंत सरळ आणि आखूड. आणि क्रिस्टल? पहिलाच, सगळ्यात स्वस्त. रेषा १०५ डेसिबलच्या खाली, गोंगाटात बुडाल्या. १२० पिकोसेकंद गाठले असा दावा मी करणार नाही, कारण १०५ डेसिबल म्हणजे अजूनही १८० पिकोसेकंद, आणि त्याखालचं आमच्या साउंड कार्डाला दिसतच नव्हतं. पण १.८ नॅनोसेकंदांवरून किमान दहापट खाली आलो एवढं नक्की.

आता वाटेल की गोष्ट संपली. आमची संपली. हायगेन्सची नाही, आणि मला तीच जास्त लागली.

त्याने हे निरीक्षण लपवून ठेवलं नाही. वडिलांना कळवलं, मित्रांना कळवलं, लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र पाठवलं. उलट त्याला आधी वाटलं होतं, की दोन घड्याळं एकमेकांना सांभाळून घेतायत हे समुद्रावर चांगलंच आहे. पण लंडनमध्ये लोकांनी दुसरा अर्थ काढला. खुर्च्यांवरची तुळई दिसणार नाही इतकी हलली तर ज्या घड्याळाला कळतं, ते वादळातल्या जहाजावर काय दिवे लावणार? त्यानेच कळवलेली गोष्ट त्याच्याच घड्याळांवर उलटली. होम्सच्या अहवालावरही पुढे शंका घेतल्या गेल्या. त्याने घड्याळांवरचं काम मात्र सोडलं नाही.

१६६६ मध्ये चौदाव्या लुईच्या मंत्र्याने, कोल्बेरने, त्याला पॅरिसला नेलं. तिथे नव्या विज्ञान अकादमीचा तो सगळ्यात मोठा माणूस. राजाच्या ग्रंथालयातच घर, मोठा पगार. पण तब्येत साथ देत नव्हती. १६७० मध्ये तो इतका आजारी पडला की वाचेल की नाही अशी स्थिती होती. बरं व्हायला हेगला गेला, परत आला. १६७२ मध्ये फ्रान्सने हॉलंडवर स्वारी केली. वडील आणि थोरला भाऊ ऑरेंजच्या राजपुत्राच्या सेवेत, आणि हा शत्रूच्या राजधानीत, शत्रूच्या पगारावर. तो पॅरिसमध्येच राहिला. १६७३ मध्ये लंबकाच्या घड्याळावरचा त्याचा मोठा ग्रंथ आला, आणि तो अर्पण केला होता लुई राजाला! त्याच सुमारास लायब्निट्झ नावाचा एक तरुण त्याच्याकडे गणिताचं मार्गदर्शन घ्यायला येऊ लागला. पुढे त्याने काय केलं हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पास झालेल्यांना सांगायला नको.

१६७५ च्या जानेवारीत हायगेन्सने लंबकच बाजूला ठेवला. चाकाला नागमोडी, गुंडाळलेली स्प्रिंग. ही स्प्रिंग गुरुत्वाकर्षणावर झुलत नाही, स्वतःच्या ताठरपणावर झुलते. घड्याळ तिरकं करा, खिशात घाला, ठेका चालूच. मॉडेल बनवायला त्याने पॅरिसच्या त्यूरे नावाच्या घड्याळजीला सांगितलं, तर त्याने त्यात स्वतःचाही वाटा सांगायला सुरुवात केली. तिकडे लंडनमध्ये रॉबर्ट हूक खवळला, की ही कल्पना माझी, कितीतरी वर्षं आधीची. भांडणं पुन्हा तीच. आपला क्रिस्टलसुद्धा एका अर्थी त्या स्प्रिंगचाच भाऊबंद. तोही आपल्या ताठरपणावरच थरथरतो.

१६८१ मध्ये पुन्हा आजारी होऊन तो हेगला आला. बरं वाटल्यावर परतायचं होतं. पण १६८३ मध्ये कोल्बेर वारला, पॅरिसमधलं वातावरण प्रॉटेस्टंटांना परकं होत गेलं, आणि त्याचं परतणं राहून गेलं. त्याने लग्न केलं नव्हतं. १६८७ मध्ये वडील गेले. त्याच सुमारास डच ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज त्याची घड्याळं घेऊन केप ऑफ गुड होपला जाऊन आलं. नोंदी जमेनात. मग त्याने हिशेब केला, की पृथ्वीच्या फिरण्यामुळे विषुववृत्ताजवळ लंबक हळू चालणार. तशी दुरुस्ती केल्यावर मार्ग बराच जुळला. बघा, पुन्हा तेच. चूक घड्याळात नव्हती. यावेळी तुळई म्हणजे आख्खी पृथ्वी होती! तरीही पुढच्या सफरीने निराशा केली आणि रेखांशाचा प्रश्न त्याच्या हयातीत सुटला नाही. तो सुटला अठराव्या शतकात, इंग्लंडच्या जॉन हॅरिसनच्या हातून, आणि तोही लंबकाने नाही, चाक आणि स्प्रिंगने.

१६८९ मध्ये तो लंडनला जाऊन न्यूटनला भेटला. १६९० मध्ये प्रकाशावरचं पुस्तक छापलं, म्हणजे आपलं बारावीचं प्रिन्सिपल. १६९१ मध्ये सप्तकाचे ३१ समान भाग करण्यावर लिहिलं. लहानपणचं संगीत शेवटपर्यंत सुटलं नव्हतं. फ्रान्समधल्या चँटिलीच्या बागेत कारंज्याचा आवाज दगडी पायऱ्यांवरून परतताना त्याला त्यात एक सूर ऐकू आला होता. प्रत्येक पायरीवरून प्रतिध्वनी ठरावीक अंतराने येतो, आणि ठरावीक अंतराने आलेली गोष्ट कानाला सूर वाटते. आमच्या २०० हर्ट्झच्या रेषा वेगळं काय सांगत होत्या? ८ जुलै १६९५ रोजी तो हेगमध्ये वारला. कागदपत्रं लायडनच्या विद्यापीठाला देऊन गेला.

शेवटची एक गोष्ट. १४ जानेवारी २००५ रोजी त्याच्याच नावाचं एक यान टायटनवर उतरलं. त्यानेच शोधलेल्या चंद्रावर, साडेतीनशे वर्षांनी. वाऱ्याचा वेग मोजायला त्यात एक अतिशय स्थिर ऑसिलेटर होता आणि वर फिरणाऱ्या कॅसिनी यानावर त्याचा जोडीदार. पण कॅसिनीकडे तो रिसिव्हर चालू करण्याची सूचना आदेशांच्या यादीत राहून गेली. जवळजवळ निम्मे फोटो गेले. वाऱ्याची माहिती मात्र पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणींनी तो क्षीण सिग्नल पकडल्यामुळे वाचली. टायटनवर पोचलेलं घड्याळ बरोबर होतं. त्याच्या बाजूचं काहीतरी राहून गेलं होतं.

आम्ही रिपोर्टमध्ये दोन्ही ग्राफ लावले, आधीचा रेषांसकट आणि नंतरचा. खालचा आकडा १२० डेसिबलपर्यंत. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी दुसऱ्या ग्राफकडे बघितलंही नाही. पहिल्याकडे बोट ठेवून विचारलं, की या रेषा कुठून आल्या? वीस मिनिटं फक्त त्यावरच गेली आणि माझ्या आयुष्यातली ती एकमेव व्हायवा जी संपू नये असं वाटलं. पार्टनरने बाहेर आल्यावर चहा पाजला.

ज्युनिअर मित्रांनो, कोणी डॅक बनवत असेल तर महाग ऑसिलेटर मागवण्याआधी एकदा बोर्ड उलटा करून बघा, की घड्याळ कशावर टांगलंय. आणि हो, माझ्याकडे ११.२८९६ मेगाहर्ट्झचे तीन क्रिस्टल पडून आहेत. हवे असतील तर लॅबमध्ये येऊन घेऊन जा. तिन्ही उत्तम आहेत.

बी.ई., ई अँड टीसी